वरचे सात हैत का?

मोबाईलमधल्या दुकानात सुट्टे पैसे कधीच संपत नाहीत, ही माझी त्या दुकानाबद्दलची पहिली तक्रार.

सूनबाईनं हे दुकान नातवासाठी उतरवून घेतलंय. पोराला खेळता खेळता पैशाची ओळख व्हावी, बेरीज-वजाबाकी पक्की व्हावी, असा शुद्ध हेतू. पडद्यावर एक फळी. फळीवर सफरचंद, पेन्सिल, चेंडू आणि एक अस्वल, प्रत्येकाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. खाली नाणी आणि नोटा ओळीनं मांडलेल्या. बोटानं नोट ओढायची आणि गल्ल्यावर नेऊन सोडायची. रक्कम बरोबर झाली की चांदण्या उडतात, टाळ्या वाजतात आणि आतली कुणी बाई फार आनंदानं ‘व्हेरी गुड’ म्हणते. चुकली की नोट आपोआप माघारी येते. कबनुरात आमच्याकडून चुकून जास्त गेलेली नोट अशी आपल्या पायांनी घरी आल्याचं मला तरी आठवत नाही.

मी हे अडाण्यासारखं बोलत नाही. जन्मभर मागाच्या कारखान्यात दिवाणजी होतो. कबनूर कुठं संपतं आणि इचलकरंजी कुठं सुरू होते हे फक्त निवडणुकीला उभं राहणाऱ्यांना कळतं. बाकीच्यांना मागांचा खडखडाट दोन्हीकडं सारखाच ऐकू येतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून या भागातलं पोर पाळण्यात असतानाच हिशेब ऐकायला लागलं. कामगार, कांडीवाली, जॉबर, वहिफणीवाला, घडीवाला, प्रत्येकाचा हिशेब निराळा. कुणाचे खाडे, कुणाची उचल, कुणाची मागल्या आठवड्याची बाकी. आणि या सगळ्याच्या मुळाशी मजुरीचा दर. तो ठरतो पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती यावर. ‘५२ पिकाला मीटरमागं इतके पैसे’ असं आमच्याकडं बोललं जातं. रुपये नव्हे, पैसे. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून सरकारनं बंद केली. आठ आण्याचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण कायद्याची आणि दुकानदाराची गाठ पडलेली नाही. तरी आमच्या गावात दोन-चार पैशांवरून माग बंद पडलेत, मोर्चे निघालेत, रात्र-रात्र बैठका झाल्यात. जो पैसा बघायला मिळत नाही त्याच्यासाठी भांडणारं हे गाव. तेव्हा ‘डिजिटल नाण्यां’चं आम्हाला फारसं कौतुक सांगू नये. आम्ही ती कधीपासूनच वापरतोय.

मुलांच्या खोट्या पैशांचा इतिहासही काही आजचा नाही. शाळेतल्या गणित पेटीत कागदी नोटा असायच्या, जत्रेत ‘चिल्ड्रन बँके’च्या नोटांची गड्डी मिळायची. त्या नोटांनी तर पुढं मोठी मजल मारली. २०१७ च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या एका एटीएममधून ‘चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया’ छापलेल्या दोन हजारांच्या नोटा बाहेर आल्या होत्या. दोन हजाराची खरी नोट तेव्हा तीनेक महिन्यांची होती. मूळ कोणती आणि खेळण्यातली कोणती, हे मोठ्या माणसांनाही नीट समजलेलं नव्हतं. पोरांसाठी रिझर्व्ह बँकेनंसुद्धा ‘राजू अँड द मनी ट्री’ नावाची चित्रकथा काढली. आमच्या मंडळींनी आयुष्यभर ‘पैसे काय झाडाला लागलेत?’ एवढ्या एका वाक्यावर संसार केला. रिझर्व्ह बँकेनं परस्पर पैशाचं झाड काढलंय हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, या दुकानात वाईट काय आहे? वाईट काहीच नाही. पोरगं नोटा ओळखायला लागलं. वीसच्या नोटेमागं वेरूळ, पन्नासच्या मागं हंपी, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर सांची, हे तो धडाधडा सांगतो. पाचशेत शंभराच्या नोटा किती, हेही सांगतो. एकदा पाहुण्यांसमोर त्यानं चौऱ्याऐंशी रुपये चार वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडून दाखवले. पाहुणे म्हणाले, “पोरगं ब्यांकेत लागणार बगा.” सूनबाई अशी काही फुलली की पाहुण्यांना दुसरा चहा मिळाला.

या विद्येची परीक्षा घ्यावी म्हणून मी त्याच्या हातात शंभराची नोट दिली आणि कोपऱ्यावरच्या आण्णांच्या दुकानात घेऊन गेलो. एक साबण आणि शेंगदाण्याची पुडी.

“किती झालं?” नातवानं रुबाबात विचारलं.

“सदतीस.”

रुबाब तिथंच उतरला. पोर माझ्याकडं बघायला लागलं. “आजोबा, सदतीस म्हणजे थर्टी सेव्हन की फॉर्टी सेव्हन?”

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचायची सोय केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणिताच्या समितीवर डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की जोडाक्षरांनी लदलेले हे आकडे पोरांना जड जातात. पण महाराष्ट्राला एकदम आपली संस्कृती आठवली आणि प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. मोबाईलवर सदतीस-सत्तेचाळीसचा घोळ घालणाऱ्यांनीही त्यात हिरिरीनं भाग घेतला. मी तेव्हा तटस्थ होतो. आण्णांच्या दुकानात मात्र “तीस सात, तीस सात” असं हळूच पोराच्या कानात सांगितलं.

त्यानं शंभराची नोट पुढं केली. आण्णांनी गल्ला ओढला, आत बघितलं आणि या देशात रोज लाखो वेळा विचारला जाणारा प्रश्न विचारला, “वरचे सात हैत का?”

नातू गडबडला. “नाही आण्णा. बिल थर्टी सेव्हनच आहे.”

“व्हय. म्हणूनच इचारतोय. वरचे सात दे.”

“मी हंड्रेड दिलेत की. हंड्रेडमध्ये थर्टी सेव्हन बसतात.”

“आरं लेका, बसत्यात. पण सुट्टं न्हाईत. सात दे, सत्तर देतो.”

आता पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. एक माणूस आधीच शंभर रुपये घेऊन बसलाय, सदतीस रुपयांचा माल अजून काउंटरच्या त्याच्या बाजूला आहे, आणि वर तो आणखी सात रुपये मागतोय. मोबाईलमधल्या बाईनं त्याला शिकवलं होतं की किमतीपेक्षा जास्त दिलं की चूक. इथं आण्णा जास्त द्यायलाच सांगत होते, तेही हसत. अनोळखी माणूस हसून पैसे मागू लागला तर काय करायचं, हे शाळेत वेगळं शिकवतात. त्यानं माझ्या शर्टाचं टोक धरलं.

मी खिशातून पाचाचं एक आणि दोनाचं एक नाणं काढून दिलं. आण्णांनी पन्नासची नोट आणि वीसची नोट त्याच्या हातावर ठेवली. पोरगं नोटांकडं बघत उभं. ओठ हलत होते, बोटं मिटत होती, उघडत होती. मागं गिऱ्हाईकं तुंबली. एक वैनी “बाळ, सरक की वाईच” म्हणाल्या. तेवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“म्हणजे जास्त दिले की जास्त परत मिळतात?”

मी घाईनं त्याला बाहेर काढलं. याच एका समजुतीवर आपल्याकडं दामदुपटीच्या किती योजना चालल्या आणि किती पळाल्या, याचा विचार करून अंगावर काटा आला.

घरी येताना मी त्याला समजावलं. शंभरातून सदतीस वजा करायचे तर शून्यातून सात जात नाहीत. शेजारी बघावं तर तिथंही शून्य. मग शंभर मोडायचा, हातचा घ्यायचा, पुन्हा हातचा घ्यायचा. पण एकशे सातातून सदतीस? सातातून सात गेले, दहातून तीन गेले, सत्तर. हातचा नाही, खाडाखोड नाही. म्हणजे वजाबाकीत हातचा घ्यायची पाळी येऊ नये म्हणून आण्णांनी तो गिऱ्हाइकाच्या खिशातून घेतला. आण्णा शाळा किती शिकलेत कोण जाणे, पण हे सातचं गणित त्यांनी गल्ल्यात एक नजर टाकून मांडलं होतं. गल्ल्यात कोणत्या नोटा आहेत, गिऱ्हाइकाच्या खिशात काय असू शकतं, आणि मागच्या वैनींना किती सुट्टे लागतील, या तिन्हीचा विचार त्यात होता. मोबाईलमधलं दुकान नुसती रक्कम जुळवायला शिकवतं. समोरच्याकडं काय आहे आणि काय नाही, हे ओळखून आपला खिसा चाचपायला ते शिकवत नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून रात्री मी मोबाईल घेऊन बसलो. सदतीस रुपयांचा चेंडू निवडला आणि एकशे सात गल्ल्यावर ठेवले. बाई गप्प. सगळ्या नोटा माघारी. पुन्हा ठेवले, पुन्हा माघारी. बाईंना “वरचे सात घ्या की हो” असं सांगायची सोयच नाही.

माझ्या वडिलांना हे शिकवावं लागलं नव्हतं, कारण त्यांच्या वेळी चलनच इतकं आडवं-तिडवं होतं की डोकं चालवल्याशिवाय चणेसुद्धा मिळत नसत. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. चवली, पावली, अधेली, आणि मधे भोक असलेला पैसा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे. ‘पंधरा पाऊणे सव्वाअकरा’ झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं. त्यात १ एप्रिल १९५७ ला सरकारनं दशमान पद्धत आणली. तारीख बघून बऱ्याच जणांना चेष्टा वाटली असणार. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि जुन्या-नव्याचा मेळ घालणारी कोष्टकं छापून आली. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आता बघा, तीन आण्यांचा माल एकदम घेतला तर एकोणीस पैसे, आणि आण्या-आण्यानं तीनदा घेतला तर अठराच. अख्ख्या एका नव्या पैशाचा फायदा! वडील सांगायचे, त्या दिवसांत पोरं एकाच दुकानात तीन-तीन हेलपाटे मारायची. हे त्यांना कुठल्या मास्तरनं शिकवलं नव्हतं.

आमच्या मंडळींनी तो वारसा टिकवून ठेवलाय. तिनं एकदा नातवाचा मोबाईल हातात घेतला.

“ह्ये शेपरचंद केवढ्याला?”

“थर्टी फाईव्ह, आज्जी.”

“किलो?”

“एक.”

“एका शेपरचंदाला पस्तीस? काय सोनं लावलंय?” असं म्हणत तिनं वीसची आणि दहाची नोट ओढून गल्ल्यावर टाकली. नोटा माघारी आल्या. “बरं, एकतीस घे.” माघारी. “बत्तीस. दोघींचं र्‍हाऊ दे.” माघारी. नातू कपाळावर हात मारून सांगत होता की आज्जी, तिथं भाव करता येत नाही. ती ऐकेना. तेहतीस झाले, चौतीस झाले. शेवटी पस्तीस टाकल्यावर चांदण्या उडाल्या आणि बाई ‘व्हेरी गुड’ म्हणाली. “बाई लई चिवट हाय,” असा शेरा मारून तिनं मोबाईल ठेवला. पण त्या शेऱ्यात आदर होता.

पडद्यावरचं नाणं आणि बाजारातलं नाणं यांत आणखी एक फरक पोराला लवकरच कळला. मोबाईलमध्ये दहाचं नाणं एकच एक दिसतं. बाजारात २०१८ पर्यंत त्याची चौदा रूपं आली होती आणि चौदाही खरी. तरी आपल्याकडच्या दुकानदारांनी दहाचं नाणं असं काही वाळीत टाकलं की २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, चौदाही घ्या. तेवढ्यानं भागेना म्हणून १४४४० हा नंबर दिला. तिथं मिस्ड कॉल मारला की उलट फोन येऊन नाण्याची माहिती मिळायची. आपलंच नाणं खरं आहे हे पटवायला देशाच्या मध्यवर्ती बँकेला असा फोन फिरवावा लागला. नातवाला एकदा कुणीतरी दहाचं नाणं नाकारलं आणि दुसऱ्या कुणी रुपयाऐवजी चॉकलेट दिलं. त्यानं शांतपणे विचार करून दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पेन्सिलीचे पैसे म्हणून चॉकलेटं पुढं केली. ती घेतली गेली नाहीत. तुमचं चॉकलेट आम्हाला चालतं आणि तेच तुम्हाला का चालत नाही, या त्याच्या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर असेलही. माझ्याकडं नव्हतं.

२०१६ साली यूपीआय आलं आणि हा सगळा सुट्ट्यांचा संसार बऱ्याच दुकानांत निकालात निघाला. सदतीस म्हणजे सदतीस. वरचे सात नाहीत, चॉकलेट नाही, गल्ल्यावरच्या बोलक्या डबीतली बाई ‘प्राप्त झाले’ म्हणून मोकळी. त्यामुळं आजच्या पोरांना पैसा म्हणजे एक आवाज वाटतो. म्हणून सूनबाईचा खेळ मला एका अर्थानं पटतो, निदान नोटा डोळ्यांना दिसतात तरी. गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेलाही तसंच वाटलं असावं. १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि भुवनेश्वरमध्ये डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू झाला. त्यात कबनूर नव्हतं, ही चूक रिझर्व्ह बँकेची. या रुपयाची ठेवण नातवाच्या खेळासारखीच आहे. कागदी नोटा आणि नाणी ज्या किमतीची असतात, त्याच किमतीची ही मोबाईलमधली नाणी-नोटा. हे वाचून मी आण्णांना सांगितलं, की उद्या मोबाईलमध्येही नोटा येणार. आण्णांनी एकच प्रश्न केला, “मग सुट्ट्याचं काय?”

यंदा शाळेत आनंद बाजार भरला. पोरांनी घरून माल आणायचा, मांडून विकायचा आणि व्यवहार शिकायचा. आमच्या दुकानात भेळ, पंधरा रुपये डिश. भांडवल माझं. चिरमुरे, फरसाण, कांदे, चिंच, गूळ, कागदी डिश, सगळे मिळून तीनशे पंचेचाळीस रुपये. सूनबाईनं आदल्या रात्री डोळे पुसत कांदे चिरले, आजीनं चिंचेचा कोळ काढला, आणि टेबलावर सूनबाईच्या मोबाईलचा क्यूआर कोड चिकटवला. चाळीस डिशा हातोहात खपल्या. पोरगं उड्या मारत घरी आलं, “आजोबा, सहाशे रुपये प्रॉफिट!”

जुन्या दिवाणजीला याहून मोठं आव्हान कुणी देऊ नये. मी पगारवहीतला एक कोरा कागद काढला. विक्री सहाशे. त्यातून माल वजा तीनशे पंचेचाळीस. नफा दोनशे पंचावन्न. पोराचा चेहरा पडला, पण त्यानं मान्य केलं. “आता माझे तीनशे पंचेचाळीस टाक,” मी म्हणालो. त्यानं डबा उपडा केला. रोख निघाले दोनशे ऐंशी.

“बाकीचे?”

“ते थ्री हंड्रेड ट्वेंटी मम्मीच्या मोबाईलवर गेले.”

म्हणजे कागदावर दोनशे पंचावन्न नफा, आणि देणेकरी दारात उभा असताना हातात पासष्ट रुपये कमी. इचलकरंजीतल्या कुठल्याही मागवाल्याला विचारा, तो हीच कहाणी सांगेल. कापड गेलंय, नफा दिसतोय, पैसे व्यापाऱ्याकडं अडकलेत, आणि पगाराचा वार उद्यावर आलाय. पोरगं तिसरीत आमच्या धंद्याला पुरतं लागलं.

ते तडक व्यापाऱ्याकडं, म्हणजे आईकडं, गेलं. आई भाकरी थापत होती.

“मम्मी, थ्री हंड्रेड ट्वेंटी दे.”

“देते की. आधी माझी कांदं चिरल्याची मजुरी वजा कर.”

हा खर्च माझ्याही कागदावर नव्हता. नातू माझ्याकडं बघायला लागला. मी इमानदारीत सांगितलं, की मजुरी धरल्याशिवाय नफा धरता येत नाही. इथं ते कुणीही सांगेल. “दर काय लावायचा?” त्यानं विचारलं. आईला तासावर पाहिजे होती, पोराला नगावर. बऱ्याच चर्चेनंतर नगावर एकमत झालं. आता आई कांद्यामागं रुपया म्हणते, आणि नातू पन्नास पैशांवर अडून बसलाय. पन्नास पैशांचं नाणं दाखव, मग बोल, असं आईचं म्हणणं. कायद्यानं ते चालतं, असं त्याचं. मध्यस्थ म्हणून आजीचं नाव दोन्ही बाजूंनी एकमुखानं मान्य झालं. पण पहिल्याच बैठकीत आजीनं चिंचेच्या कोळाची थकीत मजुरी काढली, आणि तेव्हापासून बोलणी फिसकटलेली आहेत.